वास येईनासा झाला तेव्हा

"म्हणजे ते विष शरीर स्वतःच बनवतं?" भन्तेंनी विचारलं.

"स्वतःच बनवतं, भन्ते."

"आम्ही तर जन्मभर पोरांना त्याच्यापासून लांब उभं करत आलो."

यशोधन मेश्राम हसला.

भन्ते शीलरत्न भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. तेव्हा ते रामटेके सर होते आणि यशोधन त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा तो वायू, हायड्रोजन सल्फाइड, त्यांनीच त्याला पहिल्यांदा हुंगायला लावला होता. तोही हाताने वारा घेऊन, लांबून, जरासा.

आता यशोधन मोठा शास्त्रज्ञ होता. तोच वायू त्याचा विषय होता. परदेशात त्याला ओळखत, आणि आपल्याला ओळखतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"कशातून बनवतं?"

"आपण डाळ खातो, अंडी खातो. त्यात गंधकाचा अंश असतो, त्यातून. तीन एन्झाइम्स आहेत हे काम करणारी. एक मेंदूत जास्त, एक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, एक पेशीच्या आणखी आत."

"पण कशाला? स्वतःच्या घरात विष कोण शिजवतं?"

"थोडं असलं तर ते विष नसतं, भन्ते. रक्तवाहिन्या सैल ठेवतं. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. उंदरांमध्ये हे बनवणारं एक एन्झाइम बंद करून पाहिलं आहे."

"मग?"

"वाहिन्या आखडल्या. रक्तदाब चढला."

"आणि जास्त झालं की?"

"श्वास थांबतो. हवा छातीत जाते, पण पेशीला ती वापरता येत नाही. सायनाइड जिथं घाव घालतं, तिथंच हाही घालतो."

भन्ते म्हणाले, "वर्गात हा वायू बनवायच्या आमच्या किप्सच्या भांड्याचं एक बरं होतं. नळ बंद केला की आम्ल आपोआप खाली उतरायचं आणि वायू बनायचा थांबायचा. इथं नळ कोण बंद करतं?"

"इथं नुसत्या नळावर भागत नाही. बनवणारी एन्झाइम्स वेगळी आणि जाळणारी वेगळी. पेशीत जिथं ऊर्जा तयार होते, तिथं आणखी एक एन्झाइम बसलेलं असतं. वायू आला की ते त्याला पकडतं आणि पुढच्या एन्झाइम्सच्या हवाली करतं. ती त्याला जाळून टाकतात. उरलेलं लघवीतून निघून जातं."

"म्हणजे नुसती सफाई."

"नाही." यशोधन पुढं सरकला. हा त्याचा आवडता भाग होता आणि भाषणात तो नेहमी इथं जरा थांबायचा. "जळताना तो शक्ती देतो. शरीर थोडंफार त्याच विषावर चालतं."

"छान आहे... मग माणसं मरतात कशी? जाळणारं आत बसलेलं असताना?"

"कारण जाळायला श्वास लागतो. वायू थोडा असला तर एन्झाइम त्याला पुरून उरतं. फार साचला तर तो आधी श्वासच अडवतो, आणि श्वास अडला की जाळणारंही बंद पडतं."

"उशीर झाला की जाळणाराच गुदमरतो."

"अगदी बरोबर," यशोधन म्हणाला.

हुशार विद्यार्थ्याला द्यावी तशी शाबासकी त्याने आपल्या गुरूंना दिली. आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. भन्तेंच्या आलं असावं, पण ते नुसते पाण्याचा गडू त्याच्याकडे सरकवून बसले.

बाहेर माणसं जमू लागली होती. ती आश्विन पौर्णिमा होती, भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपायचा दिवस. भिवापूरच्या अलीकडे टेकडीवरच्या त्या लहानशा विहारात आसपासच्या गावांतून आणि नागपुरातून लोक येत. यशोधन सगळ्यांच्या आधी आला होता. गाडी मागच्या बाजूला लावून तो थेट भन्तेंच्या खोलीत शिरला होता.

"सकाळी सकाळी कसा काय आलास?" भन्तेंनी आता विचारलं.

"तुम्हाला सांगायचं होतं. माझं मन आता शांत झालंय."



शांत झालेलं मन दाखवायला माणूस एवढ्या लांब गाडी हाकत येतो, ही गंमतच आहे. पण यशोधन गंमत करायला आला नव्हता. हो, झालंय, एवढं त्याला भन्तेंच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आधी नव्हतं?"

"आधी फार वाईट होतं. प्रयोगशाळेतला तो अपघात झाल्यापासून."

"तृप्तीचा."

"हो."

तृप्ती उके भन्तेंचीच विद्यार्थिनी, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांमधली. यशोधनकडे संशोधनाला जा, असं तिला भन्तेंनीच सांगितलं होतं.

"मी लोकांकडून ऐकलं," भन्ते म्हणाले. "तू सांग."

यशोधनने सांगितलं. चौकशी समितीपुढं सांगितलं होतं तसंच, नीट, ओळीनं. सिलिंडरचा वाल्व गळत होता. खोली बंद होती. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. तृप्ती वाल्व बघायला टेबलाखाली वाकली आणि तिथंच कोसळली. त्याने श्वास रोखून तिला खोलीबाहेर ओढलं. ती वाचली. पेपरात त्याचा फोटो आला, संस्थेनं सत्कार केला. तृप्तीचं नाक मात्र कायमचं गेलं, तिला आता कशाचाच वास येत नाही. त्या दिवसातलं काही आठवतही नाही.

"आणि समिती काय म्हणते?"

"सोमवारी निर्णय आहे. बहुतेक तिला संशोधन सोडावं लागेल."

"तिला काऊन?"

"आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशाला वायू मोजणारं मीटर असतं. प्रमाण वाढलं की ते वाजतं. मीटर बघितल्याशिवाय वाकायचं नाही, असा नियम आहे. तिचं मीटर बंद सापडलं."

"तिनं बघितलं नाही?"

"समितीला तसं वाटतं."

"मी समितीला नाही विचारून राहिलो."

...

यशोधनने गडूतलं पाणी प्यायलं. मग त्याने विषय जिथं न्यायचा होता तिथं नेला.

"सुरुवातीला मला झोप लागायची नाही, भन्ते. जेवण जायचं नाही. लाज वाटायची. दाढी करताना आरशात बघवायचं नाही. मग मी साधनेला बसू लागलो. नेमानं. हळूहळू ते कमी होत गेलं. आता काहीच वाटत नाही. ती समोर येऊन उभी राहिली तरी नाही. सगळं विरून गेलं."

"विरून गेलं?"

"हो."

"कशावरून म्हणतोस?"

"वाटत नाही ना आता."

भन्तेंनी मान हलवली. ते काहीतरी आठवत असावेत असं दिसलं. मग त्यांनी सहज विचारलं, "तृप्ती पडली, त्याच्या आधी तू खोलीतच होतास?"

"होतो. बराच वेळ. गळती मीच शोधत होतो."

"वास येत होता?"

"आधी येत होता. चांगलाच येत होता. मग कमी कमी होत गेला. आणि मग..."

यशोधन थांबला.

"मग?"

"मग येईनासा झाला."

"त्यावरून तू काय समजलास?"

हा वायू वाढला की आधी नाक बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नये, हा त्या कामातला पहिला धडा. यशोधन तो दरवर्षी नव्या मुलांना शिकवायचा, फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून. परीक्षेत कुणी तो चुकला तर त्याची सगळ्यांसमोर बिनपाण्यानं करायचा.

"गेला, असं समजलो," तो म्हणाला.

"आणि आता?"

"आता काय?"

"आता काय समजून राहिलास?"

...

यशोधनची कानशिलं तापली. खोलीत तो आणि भन्ते यांच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी त्याला कुठंतरी लपावंसं वाटलं. त्याची लाज कुठं गेलीच नव्हती. ती एवढी साचली होती की त्याला कळेनाशी झाली होती, आणि तो तिलाच शांती म्हणून इथं मिरवायला आला होता.



"मीटर वाजत होतं, भन्ते."

"हं."

"तृप्तीनंच सांगितलं. सर, मीटर वाजून राहिलं, म्हणाली. मी म्हटलं, बिघडलं असेल, मला तर काहीच वास येत नाही. ती पुन्हा म्हणाली. मला राग आला. वीस वर्षं मी हा वायू हाताळतो आणि ही मला सांगते. मी मीटर तिच्या हातातून घेतलं आणि बंद करून टाकलं. म्हटलं, वाक, वाल्व बघ."

"आणि समितीला काय सांगितलंस?"

"तिचं मीटर बंद होतं, एवढंच. ते खोटं नव्हतं."

"नाही, खोटं नव्हतं."

हे भन्ते इतक्या साधेपणाने म्हणाले की यशोधनला मान वर करवेना.

"तिला आठवत नाही," तो खाली बघूनच बोलत राहिला. "तिला वाटतं, तिच्याकडूनच राहिलं. ती माझी माफी मागायला आली होती. मी म्हटलं, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस."

भन्तेंनी डोळे मिटले.

"मी तिला दुसरीकडे पाठवू शकलो असतो. मीच म्हटलं, यशोधनकडे जा. वर्गात माझं काही चुकलं तर हात वर करणारा तू एकटा होतास."

यशोधन रडू लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाक पुसत. भन्तेंनी त्याला रडू दिलं, पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही.

"हे मी जाळू कसं आता?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझा विषय आहे. जाळायला काय लागतं म्हणालास?"

"श्वास. हवा."

बाहेर घंटा वाजली. भन्ते उठले, चीवर नीट केलं.

"तृप्ती आज येईलच. मी तिला आत बोलावतो," यशोधन घाईनं म्हणाला. "इथंच, या खोलीत. मी तिला सगळं सांगतो. फक्त आम्ही दोघं."

"दार लावून?"

भन्ते दार उघडं टाकून पुढं चालू लागले.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांपुढं गुडघे टेकतात. माझ्याकडून काही चुकलेलं कुणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर माझ्यावर करुणा करून सांगा, असं म्हणतात. वयाने आणि मानाने सर्वांत मोठा असतो तो आधी म्हणतो. ही जुनी रीत आहे. या विहारात भिक्खूंचं झालं की उपासकही तसंच करतात. ही मात्र भन्ते शीलरत्नांनी पाडलेली रीत, आणि ती सगळ्यांनाच आवडते असं नाही. काही लोक त्या वेळेपुरते चपला शोधायला बाहेर जातात.

भन्तेंनी गुडघे टेकले, हात जोडले, शब्द म्हटले.

एक तरुण भिक्खू जरा चाचरत म्हणाला, "भन्ते, आपण पहाटेच्या ध्यानात घोरता. कुणी म्हटलं की दुसरं कुणीतरी घोरत होतं असं सांगता."

सभागृहात हसू पसरलं. भन्तेंचा चेहरा मात्र खरोखरच पडला.

"सांगतो खरा," ते म्हणाले. "माझं चुकतं. पुन्हा सांगणार नाही."

यशोधन शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. दार त्याच्या हाताशी होतं. त्याने पाहिलं, पुढं बायकांमध्ये तृप्ती होती, पांढऱ्या साडीत, शेजारी तिची आई. तृप्ती वाळली होती.

भिक्खूंचं आटोपलं. उपासकांपैकी एक जण उठला, मग दुसरा. किरकोळ गोष्टी निघाल्या, थोड्या खऱ्याही निघाल्या. मग तृप्ती पुढं गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"माझ्या हलगर्जीपणामुळे माझ्या सरांचा जीव धोक्यात आला," ती म्हणाली. "मला ते आठवत नाही. पण माझ्याकडून झालं. मला फार लाज वाटते. याच्याबद्दल कुणाला आणखी काही माहीत असेल तर माझ्यावर करुणा करून सांगा."

कुणी काही बोललं नाही. कुणाला काय माहीत असणार? तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

भन्तेंनी मागे बघितलं नाही. ते आपल्या हातांकडे बघत बसले होते.

तृप्ती उठायला लागली.

"मला माहीत आहे," यशोधन म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की पुढच्यांना ऐकूच गेला नाही. त्याला उभं राहावं लागलं आणि पुन्हा म्हणावं लागलं. सगळ्या माना वळल्या. जगभरच्या सभांमधून बोललेला तो माणूस भिंतीला धरून उभा राहिला.

त्याने सांगितलं. मीटर वाजत होतं. तृप्तीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी मीटर बंद केलं. मीच तिला वाकायला लावलं. मग मी तिला ओढून काढलं आणि हार घालून घेतले. समितीपुढं मी एवढंच बोललो जेवढ्यानं ती अडकेल आणि मी सुटेन.

...

"मी सांगितलं होतं?" तृप्तीनं विचारलं.

"हो."

"काय म्हटलं होतं मी?"

"सर, मीटर वाजून राहिलं."

तिने ते शब्द स्वतःशीच पुटपुटून पाहिले. मग ती आईकडे वळली.

"आई, मी सांगितलं होतं."

आई तिच्याकडे बघत नव्हती. ती यशोधनकडे बघत होती.

"आम्ही तुमच्या घरी संत्रा बर्फी घेऊन आलो होतो ना जी," ती म्हणाली. "पोरीला वाचवलं म्हणून."

"हो."

"तुम्ही खाल्ली."

"हो... खाल्ली."

आईनं तृप्तीचा हात धरला आणि दोघी रांगांमधून वाट काढत बाहेर गेल्या. यशोधनच्या शेजारून जाताना तृप्ती थांबेल असं त्याला वाटलं होतं. ती थांबली नाही.

कार्यक्रम पुढं चालू राहिला. आणखी दोघंतिघं उठले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मग खीर वाटली गेली. यशोधनला कुणीतरी द्रोण दिला, तो त्याने तसाच हातात धरून ठेवला. लोक त्याच्याजवळून जाताना गप्प होत होते. मागे त्याचं नाव पेपरात आलं तेव्हा काहींनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतले होते, तेही.

सभागृह रिकामं झालं तेव्हा तो भन्तेंजवळ गेला. ते चटया गोळा करत होते.

"सोमवारी समितीपुढं हेच सांगतो," तो म्हणाला. "शब्दन् शब्द. तृप्तीचं काम तिला परत मिळेल. माझं राहील की नाही, माहीत नाही."

"बरं."

"पण भन्ते... सगळ्यांसमोर सांगितलं. लपवलं नाही काही. आणि लाज अजून आहे. कमी झाली, पण आहे. जात नाही."

भन्ते चटई गुंडाळत होते. ती त्यांनी त्याच्या हातात दिली आणि दुसरी उचलली.

"थोडी लागते."